अजिनोमोटोची भीती आणि हळदीचं पॉलिश

सोनचाफा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला एखादं तरी 'केमिकल' फिरत असतं. कधी अजिनोमोटो, कधी बिस्किटाच्या पुड्यावरचा कुठलासा ई-नंबर, कधी कलिंगडाला टोचलेलं इंजेक्शन. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. ज्या विषाबद्दल जगभरच्या डॉक्टरांत काही वाद उरलेला नाही, ते मात्र या ग्रुपवर अजून आलेलं मी पाहिलं नाही. शिसं. म्हणून हा धागा.

२०१५ सालचं मॅगी प्रकरण आठवत असेल. लोकांच्या डोक्यात राहिलं ते अजिनोमोटो, म्हणजेच एमएसजी (मोनोसोडियम ग्लुटामेट). खरं तर भांडण दोन गोष्टींवरून होतं. पाकिटावर 'एमएसजी घातलेलं नाही' असं छापलं होतं, हे एक. आणि एका नमुन्यात शिसं १७.२ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग, म्हणजे किलोमागे इतके मिलिग्रॅम) निघालं, मर्यादा २.५ असताना, हे दुसरं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरची बंदी उठवली, कारण ज्या प्रयोगशाळांत तपासण्या झाल्या त्यांना त्या कामाची रीतसर मान्यताच नव्हती. न्यायालयाने ठरवून दिलेल्या तीन प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली आणि शिसं मर्यादेत भरलं. नूडल्स सुटल्या, ठीक. पण आपल्या जेवणातलं शिसं कोण मोजतं, कुठे मोजतं, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. आपण चायनीजच्या गाडीवाल्याला 'अजिनोमोटो मत घालना' सांगून मोकळे झालो. ज्या ग्लुटामेटला घाबरलो ते पिकलेल्या टोमॅटोतही असतं.

शिशाचा त्रास असा, की शरीराला ते कॅल्शियमच वाटतं. ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथून हलायला दशकं घेतं. गरोदरपणी बाळासाठी आईच्या हाडांतलं कॅल्शियम सुटतं, तेव्हा हेही सुटतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण १० टक्के अंगी लागतं. लहान मुलांत हेच प्रमाण ४० ते ५० टक्क्यांवर जातं. मुलांच्या मेंदूची वाढ, एकाग्रता, बुद्ध्यांक यांवर परिणाम होतो, मोठ्यांत रक्तदाब आणि मूत्रपिंडांवर. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असावं, असा अंदाज आहे.

पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली गेलं. घरगुती रंगांना ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. उरलं ते जुन्या बॅटऱ्या गाळण्याच्या भट्ट्यांत, भांड्यांत, काही औषधांत, आणि हळदीत.

हळदीची गोष्ट बांगलादेशची आहे. तिथल्या खेड्यांत गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं. ना जवळ कारखाना, ना भिंतींना रंग. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि ढाक्याच्या संशोधकांनी रक्तातल्या शिशाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू) ताडून पाहिले, तर ते हळदीतल्या शिशाशी जुळले. हळदीत होतं लेड क्रोमेट. रंगकामातलं, पिवळंजर्द, पाण्यात न विरघळणारं. तिथल्या व्यापारात त्याला पेऊरी म्हणतात. सुरुवात १९८० च्या दशकात झाली. पुरात माल भिजला, हळकुंडं काळपट पडली, ती खपेनात, म्हणून पॉलिश करताना मूठभर पूड टाकायची युक्ती निघाली. पूर ओसरला, युक्ती राहिली. गिऱ्हाइकाला पिवळीधमक हळद हवी होती ना!

२०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर तिथल्या सरकारने ढाक्याच्या श्यामबाजारात फिरतं न्यायालय नेलं, यंत्राने जागच्या जागी माल तपासला, व्यापाऱ्यांना दंड केला आणि ते टीव्हीवर दाखवलं. बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, ते २०२१ पर्यंत शून्यावर आलं. हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं.

आता आपली बाजू. भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका इथल्या २३ शहरांतली हळद तपासून केलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसं २ पीपीएमच्या वर होतं. सर्वांत वाईट आकडे पाटणा, कराची आणि पेशावरचे, हजार पीपीएमच्याही पुढचे.

तुम्ही हळद कुठून घेता, सुटी की पाकिटातली, आणि घेताना काय बघता? सगळ्यांनी लिहा.

शंकासुर

झालं. म्हणजे आता हळदही बंद. मीठ बंद, साखर बंद, मैदा बंद, तेल बंद. माणसाने वारा पिऊन जगावं. आमची आजी रोज हळद-दूध प्यायची, ९१ व्या वर्षी खणखणीत आवाजात भांडून गेली.

सोनचाफा

@शंकासुर, हळद सोडा असं एका शब्दानेही लिहिलेलं नाही. आजींच्या हळदीत पेऊरी नसणार, इतकंच. वाद हळदीशी नाही, तिच्यावर चढवलेल्या रंगाशी आहे.

ताकपिठलं

वाचनखूण साठवली. आम्ही वर्षाची हळद आणि तिखट एकदम करतो, पण हळकुंडं भुसाराकडून 'ती चकचकीत द्या' म्हणूनच घेतो. आता विचार करावा लागणार.

वसमतकर

ताई, हळद पिकवणारा म्हणून लिहितो. जरा लांबेल.

काढणी झाली की जेठे गड्डे (मधले मुख्य कंद), बगल गड्डे (त्यांच्या बाजूचे कंद), हळकुंडं वेगळी होतात. मग कुकरात वाफेवर शिजवणं. काडी आरपार गेली की झालं. त्यानंतर दहा-पंधरा दिवस उन्हात. शंभर किलो ओल्याची वीस-बावीस किलो वाळकी हाती येते. ही वाळकी हळद दिसायला अगदी भिकार असते. मातकट, सुरकुतलेली, वर सालपटं आणि मुळ्या. नव्या माणसाला दाखवली तर म्हणेल, आलं वाळत घातलंय का?

मग ड्रम. जाळीचा लोखंडी पिंप आडव्या दांड्यावर फिरतो, हळकुंडं एकमेकांवर घासतात, सालपट जाळीतून खाली. धूळ इतकी, की संध्याकाळी नाक शिंकरलं तरी पिवळं. शेवटच्या फेऱ्यांत थोडं पाणी आणि हळदीचीच पूड मारतात, त्याने अंगावर सारखा रंग बसतो. हे रास्त आहे, त्यात हळदीशिवाय काही नाही. पण लबाडी करायची तर जागा हीच. तुम्ही बांगलादेशचं लिहिलंय ते वाचताक्षणी समजलं, कारण पूड टाकायची वेळ तीच.

सौद्यात काय होतं ते सांगतो. व्यापारी हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, मग ढिगाकडे बघतो. आतला रंग जातीचा आणि जमिनीचा. सेलमचा वेगळा, राजापुरीचा वेगळा, वायगावचा वेगळा. पण भाव पाडायला 'पॉलिश कमी आहे' हे कारण कायम तयार. म्हणून शेतकरी जास्त पॉलिश करतो, वजनात घट सोसतो. माझ्या माहितीतल्या कुणी शिशाची पूड टाकल्याचं मी पाहिलेलं नाही. पण माल इथून निघाल्यावर किती हातांतून जातो आणि कुठे पुन्हा पॉलिश होतो, ते आम्हाला कळत नाही. हेही खरं.

पितळेची_परात

वसमतकर, सुंदर प्रतिसाद. लहानपणी सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं पाहिलीत. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वर माती. २००५ च्या पुरात बरीच गेली म्हणतात.

मेतकूट

मी न्यू जर्सीत असते. इथे मूल एक आणि दोन वर्षांचं झालं की रक्तातलं शिसं तपासणं कायद्यानेच बंधनकारक आहे. धाकटीचं दुसऱ्या वर्षीचं तपासलं, डेसिलिटरमागे ९ मायक्रोग्रॅम आलं. इथली धोक्याची रेघ साडेतीनवर आहे. मुलगी हसती-खेळती, खाणंपिणं उत्तम, लक्षण एकही नाही.

आरोग्य खात्याची बाई घरी आली. हातात केस वाळवायच्या ड्रायरसारखं दिसणारं यंत्र. खिडकीच्या चौकटीला टेकवलं, दाराला टेकवलं, रेलिंगला टेकवलं. १९७८ च्या आधीच्या घरांत इथे शिशाचा रंग असतो, आमचं घर नवं, सगळीकडे स्वच्छ. मग ती म्हणाली, तुमचे मसाले दाखवा. मला जरा रागच आला होता. मिसळणाचा डबा पुढे केला. मोहरी, जिरं, तिखट काही नाही. हळदीच्या वाटीवर आकडा चढला. भारतातून येताना एका बाजारातून सुटी आणलेली, रंग इतका देखणा की मैत्रिणींनाही वाटली होती. देवघरातला शेंदूरही तिने मोजला. त्यावर आकडा असा आला की तिनेच यंत्र पुन्हा टेकवून पाहिलं.

हळद गेली, शेंदूर वरच्या कपाटात गेला. गोळ्या नाहीत, इंजेक्शन नाही. लोहाचं औषध दिलं आणि दर काही महिन्यांनी तपासणी. हळूहळू साडेतीनच्या खाली आलं. मैत्रिणींना फोन करणं जास्त अवघड गेलं.

अवखळ

शेंदरात शिसं??? आमच्या गावच्या मारुतीला तर इंचभर थर आहे.

सोनचाफा

@अवखळ, पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच तांबडं ऑक्साइड. मारुतीला लावायला हरकत नाही, तो खात नाही. लावणाऱ्याने हात धुवावेत आणि लेकरांच्या कपाळावर, हातावर जाऊ देऊ नये. कुंकवाची गोष्ट वेगळी. हळद, चुना, टाकणखार यांपासून केलेल्या कुंकवात शिसं असायचं कारण नाही. बाजारातलं स्वस्त लालभडक कुंकू मात्र काय असेल त्याचा नेम नाही.

@मेतकूट, अनुभव लिहिलात, फार बरं केलंत. लक्षण एकही नाही, हे सगळ्यांनी पुन्हा वाचा.

शंकासुर

ठीक आहे, मुद्दा थोडा पटतोय. पण आपल्याकडे कायदा आहे ना? एफएसएसएआयची, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा असेल. मर्यादेत असलेलं पाकीट घ्यायचं आणि विषय संपवायचा.

लॅबवाला

अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून थोडं.

हळदीसाठी आपली मर्यादा १० पीपीएम आहे. बांगलादेशची २.५. आता हिशेब करा. मोठा माणूस दिवसाला ३ ग्रॅम हळद खातो असं धरलं, तर १० पीपीएमच्या 'पास' हळदीतून ३० मायक्रोग्रॅम शिसं पोटात. मुलाने अर्धा ग्रॅम खाल्ली तरी ५. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने संदर्भासाठी धरलेला आकडा मुलांसाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आणि गरोदरपणाच्या वयातल्या बायकांसाठी ८.८ आहे, तोही सगळ्या खाण्यातून मिळून. म्हणजे मर्यादेच्या काठावरची हळद कायद्याने चालते, मुलांना चालत नाही. माझं स्वतःचं मत, ही मर्यादा खाली यायला हवी. चांगल्या मालात तसंही १ पीपीएमच्या आसपास किंवा त्याहून कमीच सापडतं.

हजार पीपीएमची हळद असेल तर अर्ध्या ग्रॅममध्येच ५०० मायक्रोग्रॅम. तिथे हिशेब करायलाच नको.

घरगुती चाचण्यांबद्दल. हळदीच्या पाण्यात आम्ल टाकून गुलाबी-जांभळा रंग आला तर मेटॅनिल यलो, हे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. मेटॅनिल यलो म्हणजे दुसरा एक बेकायदा रंग, त्याचा शिशाशी संबंध नाही. ग्लासात हळद टाकून खाली काय बसतं ते बघायची चाचणीही शिशासाठी भरवशाची नाही. आणि कृपा करून संडास साफ करायचं ॲसिड स्वयंपाकघरात आणू नका, लोक आणतात.

एक बारकावा. अहवाल मागताना शिसं आणि क्रोमियम दोन्ही मागा. लेड क्रोमेटमध्ये शिशाचा एक अणू आणि क्रोमियमचा एक, वजनात साधारण चारास एक. दोन्ही चढे आणि प्रमाण चारास एकच्या आसपास असेल तर रंग टाकलाय. नुसतंच शिसं थोडं वर असेल तर माती, धूळ, गिरणी, वाळवायची जागा बघावी लागते.

पितळेची_परात

माझ्या आयडीला जागून विचारते. कल्हईचं काय? हल्ली पुन्हा पितळेच्या भांड्यांची हौस आलीय, आमच्याकडेही दारावर कल्हईवाला येतो.

लॅबवाला

कल्हई म्हणजे कथील, आणि शुद्ध कथील उत्तमच. गोची अशी, की कथील महाग आणि शिसं स्वस्त. कथील २३२ अंशांना वितळतं. त्यात शिसं मिसळलं की त्याहून कमी उष्णतेवर वितळतं, म्हणजे कोळसाही वाचतो आणि भांडं दिसतं तसंच चकचकीत. सोल्डरची (डाख द्यायच्या शिसं-कथिलाच्या मिश्रणाची) कांडी वितळवून कल्हई केली तर त्यात शिसं येण्याची भीती असते. त्यात चिंच-कोकमाची आमटी उकळली की आंबटाने शिसं सुटतं.

कल्हईवाल्याला नावं ठेवायचा हेतू नाही, अस्सल कारागीर नवसागर आणि कापूस घेऊन दोन मिनिटांत जे करतो ते बघत राहावं. पण कथिलाची कांडी पक्क्या बिलावर स्वतः आणून द्या आणि समोर करून घ्या. भंगार वितळवून ओतलेली ॲल्युमिनियमची पातेली मात्र सरळ टाळा, त्यात काय काय वितळलंय हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

बटवा

धागा चांगला चालला होता, पण आता हळूच आयुर्वेदावर येणार याची खात्री आहे. 'काही औषधांत' असं सोनचाफा यांनी वर पेरून ठेवलंयच. धातूंची भस्मं शोधन-मारण (धातू शुद्ध करून भट्टीत जाळण्याची क्रिया) केल्यावर निर्विष होतात. हजारो वर्षांची परंपरा आहे.

सोनचाफा

@बटवा, पेरलंय खरं, मग उगवू द्या. नाग भस्म हे शिशाचंच भस्म आहे, ते ग्रंथांत उघड लिहिलेलं आहे, कुणी लपवलेलं नाही. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेली १९३ पाहिली, तिथेही पाचातलं एक. यात भारतात बनवलेलीही होती आणि अमेरिकेत बनवलेलीही. परंपरेचा मान राखूनच म्हणते, शोधन नीट झालं की नाही हे रुग्णाच्या रक्तात दिसतं. तेवढं तपासायला कुणाची हरकत नसावी.

बटवा

चांगला वैद्य असेल तर तो नाडी बघूनच ठरवतो. पण कुणाच्याही सांगण्यावरून मधुमेहावरची सुटी पूड घेऊ नये, इथवर सहमत.

डॉ_घरघंटी

मी त्या सुट्या पुडीबद्दलच लिहिणार होतो. चाळिशीचा माणूस, पोटात मुरडा येऊन लोळतोय, सोनोग्राफी स्वच्छ, हिमोग्लोबिन सात-आठ, बद्धकोष्ठ. अपेंडिक्सपर्यंत विचार जातो. शेवटी बायको पिशवीतून बिननावाची पुडी काढते. अशा वेळी रक्तातलं शिसं तपासावं, हे आम्हा डॉक्टरांनाही चटकन सुचत नाही, कारण आपल्याकडे ती नेहमीची तपासणी नाही.

पालकांसाठी दोनच गोष्टी. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. आपल्याकडे मुलांत रक्तक्षय भरपूर, म्हणजे तेच शिसं इथल्या मुलाला जास्त बाधतं. नाचणी, पालेभाजी, गूळ-दाणे ठीक, पण हिमोग्लोबिन तपासून गरज असेल तर लोहाचं औषध द्या. दुसरं, शिसं बाहेर काढायची औषधं आहेत, पण मुलांत ती रक्तातलं शिसं डेसिलिटरमागे साधारण ४५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं तर देतात आणि दवाखान्याच्या देखरेखीखाली. 'डिटॉक्स' ज्यूसने हाडातलं शिसं निघत नाही. ते येतंय कुठून ते शोधून बंद करणं, हाच पहिला उपचार.

शंकासुर

डॉक्टर, गूळ-दाणे म्हणालात, आता गूळ उजळ दिसावा म्हणून घालतात त्या हायड्रोसवर वेगळा धागा काढावा लागणार. मी काढू?

ताकपिठलं

काढाच. इथे नको, आधीच गाडी मारुतीपर्यंत जाऊन आलीय.

माझा प्रश्न साधा आहे. घरी हळकुंडं आणून गिरणीत दळून घ्यायची ठरवली, तर निवडायची कशी? आणि आमच्या गिरणीत त्याच चक्कीवर सगळ्यांचं दळतात, आधीच्या माणसाची हळद आपल्यात येणार त्याचं काय?

वसमतकर

ताई, हळकुंड हातात घेऊन अंगठ्याने घासा. बोटाला पिवळी पूड भरभरून लागत असेल आणि खालून मातकट अंग दिसत असेल तर सोडून द्या. चांगलं हळकुंड मोडताना टणकन आवाज येतो, आत मेणासारखं चकाकतं, रंग नारिंगीकडे झुकतो. बाहेरून जितकं लिंबासारखं पिवळं तितका मला संशय येतो. अर्थात डोळ्याने शिसं दिसत नाही, लॅबवाले म्हणतात ते बरोबर. कमी पॉलिशची मागा, भुसारी आधी हसेल, मग आणून देईल. आमच्याकडे आता काही शेतकरी गट सिंगल पॉलिशचाच माल विकतात.

गिरणीत आपल्या हळदीतली पहिली पावशेर वेगळी धरायची आणि ती झाडांना टाकायची नाही, कचऱ्यातच द्यायची. शक्यतो सकाळी पहिला नंबर लावा.

मेतकूट

@लॅबवाला, माझ्या सासूबाई नाशिकला आहेत. त्यांना त्यांची हळद तपासून घ्यायचीय. किती पाठवायची आणि कशी?

लॅबवाला

शंभर ते अडीचशे ग्रॅम पुरते. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) हिची मान्यता असलेली प्रयोगशाळा शोधा आणि त्यांच्या मान्यतेच्या यादीत 'मसाल्यांतील जड धातू' आहे का ते आधी फोन करून विचारा; मान्यता असते, पण कधी नुसती पाण्याच्या तपासणीची. पाकीटबंद असेल तर न फोडता पाठवा, बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. सुटी असेल तर डब्याच्या वरून, मधून, तळातून थोडी थोडी घेऊन एकत्र करा, कोरड्या स्वच्छ झिपच्या पिशवीत. स्टीलचा चमचा चालेल, कल्हईचा नको. अर्जावर शिसं आणि क्रोमियम दोन्ही लिहा, आणि अहवालात 'मर्यादेत आहे' एवढंच नको, आकडा द्या असं सांगा. अहवाल आला की इथे टाका, बॅच आणि दुकानाचं नाव झाकून. मी वाचून सांगतो.